माटे: जुन्या डेस्कटॉपचे राखणदार

संगणक सुरू होताच दिसणारे मेनू, खिडक्या, फायलींची चित्रे या सगळ्या संचाला डेस्कटॉप म्हणतात. लिनक्समध्ये तो आपल्या पसंतीने निवडता येतो. २०११ मध्ये ‘ग्नोम ३’ आला आणि ‘ग्नोम २’ची सवयीची मांडणी गेली. मात्र जुना सोर्स कोड खुला होता. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने तो घेऊन काम पुढे चालवले आणि तिकडच्या चहासारख्या पेयावरून त्याला ‘माटे’ नाव दिले.

दोन्ही डेस्कटॉप एकाच संगणकावर नांदावेत म्हणून प्रोग्रॅमची नावे बदलली. फायली दाखवणारा ‘नॉटिलस’ झाला ‘काहा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये पेटी. मजकूर लिहिण्याचा ‘जीएडिट’ झाला ‘प्लुमा’, म्हणजे लेखणी.

पण नावे बदलून भागत नाही. खिडक्या आणि बटणे रेखाटणारी ‘जीटीके २’ लायब्ररी जुनी झाली, तेव्हा एकेक प्रोग्रॅम ‘जीटीके ३’वर न्यावा लागला. २०१७ च्या १.१८ आवृत्तीत हे काम पुरे झाले. मांडणी तीच राहिली. आतले बरेच काही बदलले.

अशा देखभालीला प्रोग्रॅमिंग न येणारा कॅडेटही हातभार लावू शकतो. कोणती आवृत्ती, आपण काय केले, काय बिघडले, हे नेमके कळवावे. मेनूंचे मराठी भाषांतर तपासावे. रायफल साफ ठेवली तरच ती ऐन वेळी साथ देते. खुल्या कोडचेही तसेच आहे: तो सर्वांचा असतो, पण कोणी सांभाळला तरच टिकतो.