अभिजात मराठी आणि विसरलेला म्हाइंभट

3 ऑक्टोबर आला की अभिजात मराठीचे फलक लागतात, भाषणांत गाथासप्तशती येते, आणि आम्हा नाशिककरांना पांडवलेण्यातले प्राकृत शिलालेख आठवतात. अभिजात दर्जासाठी दिलेल्या पुराव्यांत आद्य मराठी गद्य असलेलं ‘लीळाचरित्र’ही होतं. ते लिहिणाऱ्याचं नाव मात्र सत्कारांच्या गर्दीत कुठे ऐकू येत नाही.

म्हाइंभट गोदाकाठच्या सराळ्याचे. शास्त्र कोळून प्यालेले, वादाची खुमखुमी असलेले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींना डोमेग्रामी भेटले, पण वाद जिंकणं राहिलं बाजूला, शिष्य होऊन बसले. स्वामी गेल्यावर त्यांनी जे केलं त्याला आजच्या भाषेत वार्तांकनच म्हणावं लागेल. ज्याने पाहिलं, ऐकलं त्यालाच गाठायचं, आठवण जशीच्या तशी उतरवायची, पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची. संस्कृत पंडिताने हे सगळं लिहिलं बोलत्या मराठीत. म्हणून त्यात तत्त्वज्ञानाच्या शेजारी शिष्या बाइसांची लगबग आणि शिष्यांचे रुसवेही सापडतात.

याच्या चारशे वर्षं आधी सिरिल नावाच्या ग्रीक पंडिताने स्लाव लोकांसाठी लोकभाषेचा असाच हट्ट धरला होता. 863 च्या सुमारास भाऊ मेथोडियसला घेऊन तो मोराव्हियात गेला, स्लाव भाषेसाठी त्याने नवी लिपी घडवली होती. देवाला हिब्रू, ग्रीक आणि लॅटिनच कळतं म्हणणाऱ्या धर्मगुरूंशी तो व्हेनिसमध्ये भांडला. बल्गेरियात 24 मे रोजी या दोन भावांच्या नावाने सुट्टी असते!

आपल्याकडे लिपीची गोष्ट उलटी झाली. सिरिलने लिपी केली ती लोकांना वाचता यावं म्हणून. महानुभावांनी पुढे सकळ ही सांकेतिक लिपी वापरली, आणि पंथाबाहेरच्यांना त्या पोथ्या वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी ती उलगडेपर्यंत आद्य मराठी गद्य बहुतेक मराठी वाचकांना परकंच होतं. अभ्यासक यात पंथाची सावधगिरी पाहतात. मला आपलं शतकानुशतकांचं नुकसानच दिसतं.

सकळ लिपीच्याही आधी ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली होती. मग शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्यांतला एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. एका बाईच्या स्मरणशक्तीचं हे ऋण कुणी फलकावर लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

चक्रधर नाशिक-त्र्यंबक परिसरात हिंडले. त्यांच्या मुक्कामांच्या खुणा ‘स्थानपोथी’त आहेत. सिंहस्थासाठी शहरभर दिशादर्शक पाट्या लागणारच आहेत. त्यांत एखादी या जागांसाठीही लावा की.