हेरकथा : पुस्तकातल्या आणि पडद्यावरच्या

सीताबर्डीजवळचा झिरो माइलचा स्तंभ नागपूरकरांच्या रोजच्या वाटेवरचा. ब्रिटिशकालीन भूमापनाची ही खूण जगप्रसिद्ध हेरकथांच्या दुनियेशी नाते सांगते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. पेंचच्या जंगलामुळे आपल्याला 'जंगल बुक'चा लेखक म्हणून ठाऊक असलेल्या रुडयार्ड किपलिंगने १९०१ मध्ये 'किम' ही कादंबरी लिहिली. तिचा अनाथ नायक मोजणीचे शास्त्र शिकतो, ते हेरगिरीसाठी! ही निव्वळ कल्पना नव्हती. भूमापन खात्याने तयार केलेले नैनसिंग रावत १८६६ मध्ये यात्रेकरूच्या वेषात ल्हासाला पोहोचले होते. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी असत. प्रत्येक शंभर पावलांना एक मणी सरके आणि नोंदी प्रार्थनाचक्रात दडवल्या जात.

हेरकथेचे मर्म या माळेत आहे. रहस्यकथेत 'गुन्हा कोणी केला?' हा प्रश्न असतो, हेरकथेत 'विश्वास कोणावर ठेवायचा?' हा. म्हणूनच तिच्यात बंदुकीपेक्षा वेष, कागद आणि मनुष्यस्वभाव यांना अधिक महत्त्व असते.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक उत्तम हेरकथाच म्हणावे लागेल. यमाची चित्रे दाखवत फिरणारा चाणक्याचा हेर राक्षसाची अंगठी मिळवतो आणि त्या मुद्रेच्या बळावर एका बनावट पत्रातून शत्रूची आघाडी फुटते. रणांगणावर लढाई न होता राज्य स्थिर होते. मित्राचे प्राण वाचवण्यासाठी राक्षस अखेर शरण येतो आणि त्याच्या निष्ठेची किंमत जाणणारा चाणक्य त्यालाच चंद्रगुप्ताचे अमात्यपद देतो. हरिभाऊ आपट्यांनी या कथाभागावर 'चंद्रगुप्त' कादंबरी लिहिली, तर १९९१ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'चाणक्य' मालिकेने तो काळ घरोघरी नेला. शिवकाळातील बहिर्जी नाईक हे नाव तर प्रत्येक मराठी मुलाला १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेसह परिचित असते.

आधुनिक मराठीत बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद यांनी अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. यांतील सारेच हेर नव्हेत, पण साहस, वेषांतर आणि शेवटच्या पानापर्यंतची उत्कंठा तीच. वाचनालयांत या पुस्तकांसाठी रांगा लागत, समीक्षेने मात्र त्यांना दारातच उभे केले. परिणामी, मराठीत कसदार हेरकथेची स्वतंत्र परंपरा रुजली नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या 'रॉ'विषयी कुतूहल असणाऱ्यांनी रवि आमले यांचे मराठीतील 'रॉ' हे पुस्तक अवश्य वाचावे. कल्पित कथा चाखण्यापूर्वी वास्तवाची चव घेतलेली बरी.

इंग्रजीत चित्र वेगळे दिसते. तेथे अनेक लेखक स्वतःच गुप्तचर यंत्रणेत वावरले होते. सॉमरसेट मॉमचे 'ॲशेन्डेन', इयान फ्लेमिंगचा १९५३ मध्ये अवतरलेला जेम्स बाँड आणि जॉन ल कारे यांच्या कादंबऱ्या अशा अनुभवांतून आल्या. बाँड हे स्वप्न, तर ल कारेचा जॉर्ज स्मायली हे सत्य! जाड चष्म्याचा, गबाळा, पत्नीकडून दुखावलेला हा अधिकारी आपल्याच कार्यालयातील फितूर शोधतो. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही १९७४ ची कादंबरी आणि १९७९ ची बीबीसीची मालिका दोन्ही अभिजात मानल्या जातात. मालिकेत ॲलेक गिनेस नुसता चष्मा पुसतो, तरी प्रेक्षक सावध होतो. पुढच्या 'स्मायलीज पीपल'मध्ये कठोर शत्रूचा एकमेव हळवा कोपरा स्मायलीच्या हाती लागतो, तेव्हा 'मुद्राराक्षस' आठवल्यावाचून राहत नाही.

नव्या वाचकाने सुरुवात कोठून करावी? वेगवान कथा हवी असेल तर फ्रेडरिक फोरसिथचे 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) आधी वाचावे, मग १९७३ चा चित्रपट आणि २०२४ ची मालिका पाहावी. काळानुसार कथा किती बदलली हे ताडून पाहण्यातही मौज आहे. विनोदाची फोडणी आवडत असेल तर मिक हेरन यांच्या कादंबऱ्यांवरील, २०२२ मध्ये सुरू झालेली 'स्लो हॉर्सेस' पाहावी. चुका करून अडगळीत टाकलेल्या हेरांची ही कथा आहे. हिंदीत 'द फॅमिली मॅन' (२०१९) मधला श्रीकांत तिवारी दहशतवाद्यांशी झुंजतो आणि घरी मुलांच्या प्रश्नांपुढे निरुत्तर होतो. 'राझी' (२०१८) हा चित्रपट हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत'वर बेतलेला आहे. देशासाठी केलेल्या कर्तव्याची किंमत एका तरुणीने कशी मोजली, हे त्यात दिसते.

चांगल्या हेरकथेची कसोटी हीच. केवळ शत्रूला खलनायक ठरवून टाळ्या मिळवणारी कथा चार दिवसांत विस्मरणात जाते. इतकेच नव्हे, तर शेजाऱ्याकडेही संशयाने पाहायची सवय ती नकळत लावते. उलट, विजयानंतर हेराच्या मनात काय उरते, हे विचारणारी कथा संशय आणि सावधपणा यांतला फरक शिकवते. अफवा क्षणात हातोहात पसरण्याच्या आजच्या काळात हा विवेक वाचकाला नक्कीच उपयोगी पडेल. पुढच्या सुटीत पडद्याआधी पुस्तक उघडून पाहा. पावले मोजणारा तो मूक यात्रेकरू तेथे भेटेल!