काळी आधी, लाल नंतर

गॅरेजांच्या रांगेत बॅटरीचं दुकान दुरूनच ओळखू येतं ते त्याच्या जमिनीवरून. कोबा जागोजागी खाल्लेला, पांढरट चट्टे पडलेले, उंबऱ्याजवळ तर खडी उघडी पडलेली. आत जाड फळीवर सात-आठ बॅटऱ्या एकमेकींना तारांनी जोडून चार्जिंगला लावलेल्या असतात. त्यांची बुचं काढून शेजारी मांडलेली, आत बारीक बुडबुडे चाललेले आणि हवेत घसा खवखवणारा वास. दुकानदार काचेची नळी एका भोकात बुडवतो, रबरी फुगा दाबून सोडतो, वर आलेल्या द्रवातल्या तरंगणाऱ्या काडीवरचा आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचतो आणि सांगतो, ‘‘चौथा सेल गेला. चार्ज करून उपयोग नाही.’’

हा माणूस आता कमी दिसतो. बॅटऱ्या बंद डब्यात आल्या, बुचं गेली, ती काचेची नळी, म्हणजे हायड्रोमीटर, घालायला भोकच उरलं नाही. दुकान आहे, पण तिथं दुरुस्ती होत नाही, विक्री होते. एकेकाळी कडक रबराच्या डब्यावरचं डांबर तापवून काढायचे, बिघडलेल्या सेलच्या प्लेटा बदलायचे आणि पुन्हा डांबर ओतून बॅटरी बंद करायचे. ते काम संपलं, पण त्यामागची समज संपू नये असं मला मनापासून वाटतं. कारण बॅटरी दिसायला बदलली तरी आतली गोष्ट तीच आहे, आणि ती कळली की सुरक्षिततेचे सगळे नियम पाठ न करताही लक्षात राहतात.

1859 मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे दोन पत्रे, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवून गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. 1881 मध्ये कामीय फोर यानं पत्र्यावर शिशाच्या संयुगांचा लगदा थापला आणि बॅटरीत मावणारी वीज कितीतरी वाढली. आजच्या गाडीतली बॅटरी याच घराण्यातली. सहा सेल, प्रत्येकाचे सुमारे 2.1 व्होल्ट, मिळून 12.6. प्रत्येक सेलमध्ये चॉकलेटी रंगाच्या धन प्लेटा शिशाच्या डायऑक्साइडच्या, तर करड्या ऋण प्लेटा सच्छिद्र शिशाच्या. वीज वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार होतं आणि ॲसिडातला सल्फेटचा भाग त्यात अडकतो. म्हणजे ॲसिड हे नुसतं माध्यम नाही, तेही खर्च होतं. बॅटरी उतरते तशी आतल्या द्रवात पाण्याची बाजू वाढते, द्रव हलका होतो. दुकानदाराची ती काडी नेमकं हेच मोजते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व 1.26 ते 1.28, पूर्ण उतरलेलीत 1.12 च्या आसपास. पाच सेल 1.26 दाखवतात आणि एक 1.15, तर त्या एकानं सगळ्यांना खाली ओढलेलं असतं.

गाडीत ही बॅटरी मुळात आली ती सेल्फसाठी नव्हे, दिव्यांसाठी आणि इंजिनातल्या ठिणगीसाठी. इंजिन चालू व्हायचं ते हँडल मारून. जुनी जीप किंवा ॲम्बेसेडर चालवलेल्यांना पुढच्या बाजूनं घालायचं ते लोखंडी हँडल आठवत असेल. इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगनं विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि बॅटरीच्या गळ्यात मोठं काम पडलं. दोन-तीन सेकंदांसाठी दीडशे-दोनशे अँपिअर, डिझेल गाडीला त्याहूनही जास्त. घरातला मोठा एसीसुद्धा दहा-बारा अँपिअरवर चालतो, हे लक्षात घेतलं तर या डब्याची ताकद कळेल.

या ताकदीबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, गाडी सारखी सारखी चालू-बंद केल्यानं बॅटरी उतरते. हिशोब करून पाहा. दोनशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे जेमतेम 0.1 अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीत बॅटरी असते 35 अँपिअर-तासांची. एका स्टार्टनं तिला काहीच होत नाही. खरी गळती उभ्या गाडीत होते. किल्ली काढली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि वेगवेगळे कंट्रोलर थोडी थोडी वीज घेतच राहतात. ही गळती 30 मिलिअँपिअर धरली तर दिवसाला 0.72 अँपिअर-तास जातात. वीस दिवसांत चौदाच्या वर, म्हणजे चाळीस टक्के बॅटरी रिकामी. 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ओळीनं गाड्या बंद पडल्या, त्याचं कारण हेच.

त्यावर लोक करतात काय, तर रविवारी खाली उतरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. माझ्या मते हा पेट्रोलचा निव्वळ अपव्यय आहे. आयडलवर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, कमी वीज देतो, त्यातली बरीच गाडीतली बाकीची उपकरणं खातात आणि बॅटरीही घाईनं भरून घेत नाही. शेवटचे वीस टक्के भरायला तर तास लागतात. त्यापेक्षा गाडी पाऊण-एक तास रस्त्यावर काढावी, नाहीतर घरी चांगला चार्जर लावावा.

बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचं सल्फेट घट्ट होत जातं, हंड्याच्या बुडाशी क्षार बसावा तसं. ताजं सल्फेट चार्जिंगनं विरघळतं, जुनं झालेलं विरघळत नाही. दुकानदार ‘बॅटरी चार्ज घेत नाही’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हे झालेलं असतं. म्हणून मल्टिमीटर घरात असलाच पाहिजे. त्याची किंमत बॅटरीच्या दहाव्या हिश्शाएवढीही नसते. गाडी काही तास बंद असताना मोजायचं. 12.6 व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे तीन-चतुर्थांश, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली गेली की तातडीनं चार्जिंगला. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसले तर अल्टरनेटर ठीक. काही नव्या गाड्यांत कंट्रोलरच हा आकडा वरखाली करतो, म्हणून एका मोजणीवर अल्टरनेटरला दोष देऊ नये.

दुसरा शत्रू उष्णता. विदर्भात-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. पाणी उडतं, प्लेटांची जाळी आतून कुजते. बॅटरी मार खाते उन्हाळ्यात आणि मान टाकते डिसेंबरच्या सकाळी, तेल घट्ट झालेलं असतं तेव्हा. दोष मात्र थंडीला दिला जातो. तिसरा शत्रू हादरे. बॅटरी जागेवर धरून ठेवणारी पट्टी सैल असेल तर आपल्या रस्त्यांवर प्लेटांवरचा लगदा झडून तळाशी साचतो आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट होतो. ती पट्टी हातानं हलवून पाहायला दहा सेकंद पुरतात.

बुचं असलेली बॅटरी असेल तर महिन्याभरानं पातळी पाहावी. प्लेटा कधीही उघड्या पडू देऊ नयेत आणि भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. जुन्या बॅटऱ्यांच्या जाळीत अँटिमनी असायचं, त्यामुळे पाणी लवकर उडायचं. कॅल्शिअम वापरलेल्या नव्या बॅटऱ्यांत ते फार कमी उडतं, म्हणून त्यांना बुचं लागत नाहीत. पण टर्मिनल, पट्टी आणि व्होल्टेज त्यांचंही पाहावंच लागतं.

आता बॅटरी काढण्याविषयी, कारण हात भाजतात ते इथंच. गाडीचा सगळा पत्रा, इंजिन, चासी हे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं असतं. गॅरेजमध्ये त्याला अर्थ म्हणतात. समजा तुम्ही लाल, म्हणजे धन टर्मिनल आधी सोडवायला घेतलं. दहा नंबरचा पाना नटवर आहे आणि फिरवता फिरवता त्याचं दुसरं टोक शेजारच्या पत्र्याला टेकलं. धन आणि ऋण पान्यातून थेट जुळले. शेकडो अँपिअर वाहतात, पाना क्षणात तापतो, कधी चिकटूनच बसतो, ठिणग्या उडतात आणि वर चार्जिंगच्या वेळी सुटलेला हायड्रोजन जमलेला असेल तर बॅटरी फुटते. हेच काळं टर्मिनल आधी काढलं तर पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण दोन्ही ऋणच. आणि काळं निघाल्यावर लाल सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी वर्तुळ पुरं होत नाही. म्हणून काढताना काळी आधी, लाल नंतर. लावताना लाल आधी, काळी शेवटी.

बारा व्होल्टनं धक्का बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. धोका धक्क्याचा नाहीच, भाजण्याचा आहे. बोटातली अंगठी पाना आणि टर्मिनलमध्ये सापडली तर ती लाल होते आणि बोटातून निघत नाही. अंगठी, घड्याळ, धातूचं कडं आधी काढून ठेवावं, डोळ्यांवर चष्मा घालावा. टर्मिनल घट्ट बसलेलं असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नये. खांब हलला की त्याच्या बुडाशी चीर जाते आणि तिथून ॲसिड पाझरतं. हातानं अलगद डावीकडे-उजवीकडे वळवत वर घ्यावं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी हातानं झाडू नका, त्यात ॲसिड असतं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशनं घासली की फसफसून निघून जाते. बुचांची बॅटरी असेल तर ते पाणी आत जाणार नाही याची काळजी घ्यावी. कोरडं करून टर्मिनल घट्ट बसवावं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. ॲसिड डोळ्यांत उडालंच तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि मग थेट डॉक्टर गाठायचा; चोळायचं नाही.

एक जुनी सवय मात्र आता सोडलीच पाहिजे. अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनामोच्या काळात मेकॅनिक इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायचे. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं की भाराविना व्होल्टेज एकदम उसळतं आणि हजारो रुपयांचा कंट्रोलर जळतो. अजूनही काही जण ही परीक्षा करायला निघतात. त्यांना थांबवा. इंजिन बंद करून, किल्ली काढून, कंट्रोलर शांत होईपर्यंत काही मिनिटं थांबून मगच पान्याला हात लावायचा. काढण्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये पाहावं. ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद-चालू होतात त्यांच्या काळ्या टर्मिनलवर बहुधा एक छोटा सेन्सर असतो, त्यावर जोर देऊ नये. आणि तिथं साधी बॅटरी न बसवता त्याच जातीची, एजीएम किंवा ईएफबी, बसवावी.

चार्जिंगचा जुना नियम अजून खरा आहे. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, 35 अँपिअर-तासाला साडेतीन अँपिअर, आणि रात्रभराची सबुरी. तासाभरात बॅटरी ‘फुल’ करून देणारं दुकान तुमच्या बॅटरीचं आयुष्य विकत असतं. सेलमागे 2.4 व्होल्ट, म्हणजे एकूण 14.4 च्या वर गेलं की पाण्याचं विघटन जोरात होतं आणि हायड्रोजन सुटतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरे. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत करायचं, जवळ सिगारेट, उदबत्ती, देवघरातला दिवा काही नको. चिमटे लावताना चार्जर बंद, चिमटे बसल्यावर चालू. काढताना आधी चार्जर बंद, मग चिमटे. फुगलेली, तडकलेली किंवा हात लावू देत नाही इतकी तापलेली बॅटरी चार्ज करायचीच नाही.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावून स्टार्ट करतानाही ठिणगीचाच विचार. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगलीच्या धनाला. काळी चांगलीच्या ऋणाला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच; ती बॅटरीच्या डोक्यावर उडू नये एवढंच पाहायचं.

इलेक्ट्रिक गाडी आली म्हणजे हे सगळं गेलं, असंही नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच तीच ओढते. ती उतरली तर पोटात शेकडो किलोची भरलेली बॅटरी असूनही गाडी जागेवरून हलत नाही.

राहता राहिली जुनी बॅटरी. चिंचवड आणि तळोज्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांनी परत येतात तेव्हा त्यांतलं शिसं वितळवून पुन्हा नव्या प्लेटांत घालता येतं. ते परवानाधारक कारखान्यात झालं तर ठीक. भंगारवाल्यानं ती फोडून ॲसिड गटारात ओतलं आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवलं, तर धूर आणि धूळ शेजारच्या मुलांच्या रक्तात जाते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी वाटावी इतकं आहे, आणि बॅटऱ्यांची अशी बेकायदा फोडाफोडी हे त्याचं एक मोठं कारण आहे. आपल्याकडे 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दारात येणारा भंगारवाला शे-दोनशे रुपये जास्त देईल. तरी जुनी बॅटरी त्याला देऊ नका. नवी घेताना तिथंच दुकानात ठेवा आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्या.