मसाल्यातले जिवाणू उकळीतूनही कसे वाचतात?

म्हैसूरच्या देवराज बाजारात उघड्या पोत्यांतली मिरी, धने आणि सुक्या मिरच्या पाहिल्या म्हणजे इतक्या कोरड्या, तिखट जिनसांत जिवाणूंचा निभाव कसा लागत असेल, असा प्रश्न कोणालाही पडावा. मिरी उन्हात वाळताना तिच्या सालीला सुरकुत्या पडतात आणि खळ्यावरची माती व पाखरांची विष्ठा यांतून आलेले जिवाणू तेथे मुक्काम करतात. बाजारातली धूळ त्यांत भर घालते. पाण्यावाचून त्यांची वाढ खुंटते हे खरे. परंतु मातीतला 'बॅसिलस सेरियस' हा जिवाणू प्रतिकूल काळी आपला जनुकीय ऐवज बहुपदरी कवचात बंदोबस्ताने ठेवून बीजाणू बनतो आणि पेरणीची वाट पाहणाऱ्या बियाण्याप्रमाणे वर्षानुवर्षे निपचित राहतो. भाताची उकळी त्याला पुरती मारीत नाही. उलट त्या उष्णतेने त्याला जाग येते, आणि मसालेभात ओट्यावर कोमट राहिला की इतर जिवाणू मेलेल्या त्या अन्नात तो झपाट्याने वाढून असे वांतीकारक विष निर्माण करू शकतो, की जे पुन्हा तापवूनही नाहीसे होत नाही.

याच शहरात चेलुवांबा राजवाड्यात १९५० साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने मसाल्यांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. बीजाणूंवर दाबाखालील वाफ किंवा गॅमा किरण हे खात्रीचे उपाय. वाशी येथे २००० सालापासून मसाल्यांवर असे किरण सोडले जातात. गृहिणींनी मात्र उरलेला मसालेभात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावा.