घोड्यांच्या वाटेवरून सायकल

डॅन्यूब नदीच्या काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत. त्यांवरचे आकडे उगमापासून नव्हे, मुखापासून मोजलेले आहेत. काळ्या समुद्रापाशी शून्य आणि तिथून वर चढत जाणारे. जर्मनीतल्या पासाउ गावाशी हा आकडा 2,225च्या आसपास असतो, व्हिएन्नाच्या राइशब्रुके पुलाशी 1,929. सायकलवरून प्रवाहाच्या दिशेनं निघालं की आकडे उतरत जातात. माझ्या लेकीनं वयाच्या नवव्या वर्षी ही उलटी उजळणी मोठ्यानं म्हणत सगळा रस्ता पार केला. क्रेम्सजवळ 2,000 गाठल्यावर आम्ही डब्यातले शेवटचे राजगिऱ्याचे लाडू काढले.

पासाउ ते व्हिएन्ना या सव्वातीनशे किलोमीटरच्या वाटेवर मी तीनदा गेले. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर, मग लेकीला मागे जोडलेल्या गाडीत बसवून आणि तिसऱ्यांदा ती स्वतःच्या सायकलवर, सोबत माझे वडील. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी बॅटरीवरची सायकल घेतली आणि बॅटरी बहुतेक वेळ बंदच ठेवली. तीन पिढ्यांनी एकत्र जावं असा दुसरा लांबचा सायकलमार्ग मला ठाऊक नाही.

वाट इतकी सोपी का, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. आगगाडी आणि वाफेची बोट येण्याआधी मीठ, धान्य, दारूची पिंपं सगळं नदीतूनच जायचं. प्रवाहाबरोबर नावा आपसूक जात. प्रवाहाविरुद्ध मात्र त्यांना घोडे ओढत आणि मोठ्या काफिल्याला पन्नास-साठ घोडे लागत. त्या घोड्यांसाठी काठाकाठानं वाट केलेली होती. तिला ऑस्ट्रियात ट्रेपेलवेग म्हणतात. भरल्या नावांचा दोर गळ्यात असलेला घोडा चढ चढू शकत नाही, म्हणून वाट पाण्याला धरून आणि सपाट. 1829मध्ये डॅन्यूबवर वाफेच्या बोटींची कंपनी निघाली, हळूहळू घोडे गेले, वाट नदीच्या देखभालीपुरती उरली. 1980च्या दशकात ती सायकलींना खुली झाली. आज त्यावरून चार वर्षांचं पोर टुणटुणत जातं ते त्या घोड्यांच्या पुण्याईवर, असं मला मनापासून वाटतं.

बाकीची माहिती भराभर सांगते. डॅन्यूब सुमारे 2,850 किलोमीटर लांब, काळ्या अरण्यातून निघून दहा देशांतून काळ्या समुद्राला मिळते. हा टप्पा अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोवेलो 6 या मार्गाचा भाग आहे. सायकल पासाउला भाड्यानं घेऊन व्हिएन्नात परत करता येते, सामान गाडीनं पुढच्या मुक्कामी जातं. मोठ्यांना सहा दिवस, मुलं असतील तर आठ ठेवा. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर.

पासाउला इल्झ, इन आणि डॅन्यूब एकत्र येतात. इल्झ काळपट, इन हिरवट, आणि संगमाच्या पुढेही काही अंतर हे रंग वेगळे दिसत राहतात. सगळे ते पाहायला टोकाशी गर्दी करतात. अण्णा मात्र नगरभवनाच्या भिंतीपाशी अडकले. तिथं प्रत्येक मोठ्या पुराची रेघ आणि साल कोरलेलं आहे. 2013च्या पुरात पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं, 1501नंतरचं सर्वांत उंच. अण्णा त्या रेघेखाली जाऊन उभे राहिले, मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या माजघरात 2019ची अशीच आहे की गं." सांगलीच्या घरात ती रेघ त्यांनी पुसू दिलेली नाही. रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडून रंग लावायला लावला होता.

पासाउपासून चाळीसेक किलोमीटरवर श्ल्योगेनचं वळण येतं. कठीण खडकाला अडून नदी जवळजवळ आल्या दिशेला परत फिरते. इथं उत्तर काठावर डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि वाटच संपते. मग सायकली नावेत घालून काठाकाठानंच पुढे नेतात. नदी ओलांडायला नव्हे, तर नदीतून लांबीनं जायला नाव! आमच्या पहिल्या खेपेला शेवटची नाव सुटून गेली होती आणि अंधारात सायकली ढकलत मागे यावं लागलं. तेव्हापासून मी दिवसाचा आराखडा नावांच्या वेळांवरून आखते, मुक्काम नंतर ठरवते.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या नावांकडे येते. ओटेन्सहाइम, श्पिट्झ आणि वाइसेनकिर्शेन इथं नदी ओलांडायला इंजिन नसलेल्या नावा आहेत. चांगल्या रुंद, चारचाकी गाड्याही घेणाऱ्या. नदीवर उंच, या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी तार ताणलेली. तारेवरून धावणारी कप्पी, कप्पीपासून निघालेला दोर नावेला बांधलेला. नावाडी सुकाणू फिरवून नाव प्रवाहाला तिरकी करतो. पाणी तिच्या कुशीवर आदळतं, तिला खाली न्यायला बघतं. दोर खाली जाऊ देत नाही. मग जायला एकच दिशा उरते, ती म्हणजे आडवी. परत येताना तिरकेपणा उलटा. धूर नाही, घरघर नाही. वर कप्पीचा बारीक आवाज आणि बाजूला पाण्याची खळखळ.

लेकीला मी हे कागदावर बाण काढून समजावत होते. तिला कळेना. अण्णा म्हणाले, "पतंगासारखं आहे बघ. दोरा हातात घट्ट, पतंग तिरका, मग वारा त्याला बाजूला नेतो. इथं वाऱ्याच्या जागी पाणी." तिला लगेच कळलं. अण्णांचं बालपण सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठच्या गावात गेलं. पूल नव्हता, शाळा पलीकडे. पाण्याला ओढ असली की नावाडी आधी काठानं वर नाव नेई, मग तोंड तिरपं धरून सोडून देई. नदीच पलीकडे पोचवायची, असं ते सांगतात. साठ वर्षांनी त्यांना तीच विद्या तारेला बांधलेली भेटली.

लिंझच्या पुढे माउटहाउजेन आहे. नाझींच्या छळछावणीचं ठिकाण वर टेकडीवर, वाट सोडून चढून जावं लागतं. लेकीला मी खाली आजोबांपाशी ठेवलं आणि एकटी गेले. खाणीच्या 186 पायऱ्या, ज्यांवरून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन चढवत. या छावणीत आणि तिच्या शाखांत किमान 90,000 माणसं मेली. उतरून आल्यावर खूप वेळ मी नुसती पायडल मारत होते. मुलं मोठी असतील तर त्यांना घेऊन जा. ही जागा टाळून पुढे जाऊ नये.

ग्राइन गावातलं नाट्यगृह 1791चं. खुर्च्या दुमडून कुलूप लावायची सोय आहे, किल्ली वर्गणीदाराकडे. आमच्याकडच्या नाट्यगृहांत रांगेच्या टोकाची खुर्ची धरून ठेवायला रुमाल टाकतात, त्याची आठवण झाली. मेल्कचा मठ सोनेरी आणि भव्य आहे. त्याच्यावर सगळ्यांनी लिहिलंय, मी थांबत नाही.

मेल्क ते क्रेम्स हे 36 किलोमीटरचं खोरं म्हणजे वाखाउ, 2000पासून जागतिक वारसा. दगडी बांधांवर द्राक्षं, खाली जर्दाळूच्या बागा. जुलैत गेलात तर उकडलेले क्नोडेल खा. पिवळ्या जर्दाळूची बी काढून त्या जागी साखरेचा खडा घालतात, वरून मऊ पिठाची पारी, उकळत्या पाण्यात शिजवून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. पारी फोडली की आतला आंबटगोड रस बशीत उतरतो. लेकीनं त्याला 'पिवळा मोदक' म्हटलं आणि आमच्या घरी तेच नाव राहिलं. इथंच विलेनडॉर्फला 1908मध्ये रेल्वेमार्गाच्या कामात 11 सेंटिमीटरची, जवळपास तीस हजार वर्षांपूर्वीची स्त्रीमूर्ती सापडली.

ऑस्ट्रियातली डॅन्यूब धरणांच्या पायऱ्यांनी बांधून टाकलेली आहे. आमच्या वाटेत एकामागून एक वीजकेंद्रं लागत गेली. वाखाउत मात्र ती मोकळी वाहते. इथंही धरण बेतलं होतं. 1970च्या दशकापासून लोक त्याविरुद्ध उभे राहिले आणि ते झालं नाही. पाणी तुंबलं असतं तर या नावेच्या कुशीला रेटणारी ओढ कुठून आली असती? श्पिट्झच्या धक्क्यावर मी हे अण्णांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, वाकून पाण्यात हात घातला, बोटांना लागणारा जोर बघितला.

उत्तर काठावर गावं आणि गाड्या, दक्षिण काठावर बागा आणि शांतता, म्हणून आम्ही श्पिट्झहून पलीकडे आर्न्सडॉर्फला निघालो. नावेत दोन गाड्या, आठ-दहा सायकली आणि एक कुत्रा. नावाड्यानं सुकाणू ओढलं. काठ सुटला. मधोमध आल्यावर दोर ताठ झाला आणि तळातून एक थरथर पायात आली. अण्णा कठड्याला टेकून वरच्या कप्पीकडे बघत होते. पाचेक मिनिटांत उतरलो. लेक पुढे जाऊन किलोमीटरची पाटी शोधायला लागली. अण्णांनी सायकल जर्दाळूच्या कुंपणाला टेकवली, खिशातली नाणी तळहातावर मोजली आणि परत नावेत जाऊन उभे राहिले.