नुसत्या बोलण्यानं माणूस बरा होतो का?

“बोलून काय होणार? बोलल्यानं कर्ज फिटतं, की कापसाला भाव मिळतो?” समुपदेशनाचा विषय निघाला की जळगाव-धुळ्याकडच्या गावांत हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र थक्क करणारं आहे, कारण ते चक्क मोजून काढलेलं आहे.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून तीव्र नैराश्याचे ४९३ रुग्ण निवडले. एका गटाला केंद्रातले उपचार मिळाले; दुसऱ्याला त्यांच्या जोडीला समुपदेशकाबरोबर ६ ते ८ बैठका. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ६४ टक्के! नवल म्हणजे हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. ती प्रशिक्षण घेतलेली स्थानिक, साधी माणसं होती. आपल्या बैठकांची ध्वनिमुद्रणं एकत्र ऐकून ती एकमेकांच्या चुका दुरुस्त करत.

बैठकीत होतं तरी काय? नैराश्यात माणूस कामातून, गणगोतातून अंग काढून घेतो. त्यामुळे आनंदाचे प्रसंग आटतात आणि मन आणखी खचतं. समुपदेशक हे चक्र उलटं फिरवतो. बरं वाटण्याची वाट न पाहता एखादं छोटं काम ठरवायचं: सकाळी केळीच्या बागेत एक फेरी, बहिणीला एक फोन. पुढच्या वेळी काय जमलं, काय अडलं, यावर बोलायचं. उभारी कामामागून येते. कर्ज बोलण्यानं फिटत नाही, पण बँकेची पायरी चढण्याचं बळ परत येऊ शकतं.

नुसतं भावनेला नाव दिल्यानंही मेंदूत बदल दिसतो. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात लोकांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवले. त्यांवरची भावना शब्दांत सांगताच मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झाली. भीतीची घंटा वाजवणारा भाग तोच.

आपल्यासारख्याच कापूसपट्ट्यात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, मानसिक आरोग्याची सेवा गावापर्यंत नेणारा ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथं नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. सेवा दाराशी आली की माणसं बोलतात.

प्रत्येकालाच गुण येतो असं नाही. गोव्यातही दुसऱ्या गटातले ३६ टक्के तीन महिन्यांत पूर्ण सावरले नव्हते. काहींना औषध लागतं, काहींना समुपदेशक बदलावा लागतो. पहिल्याच बैठकीनंतर “काही फरक नाही” म्हणून थांबू नका.

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मानसोपचार विभागात जाता येतं. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि हा क्रमांक त्याला द्या.