गाडीचा धूर : इंजिन उघडण्याआधी घरीच पाहा

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत रेल्वे नाही. साखरशेत काय किंवा आसपासचे पाडे काय, बाजार, दवाखाना आणि कचेरी गाठायची तर एस.टी. किंवा प्रवासी जीप, आणि तीही चढउताराच्या रस्त्याने. अशा भागात जुनी डिझेल जीप म्हणजे एका कुटुंबाचा रोजगार असतो. ती आठ दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की धंदा बुडतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे सायलेन्सरमधून धूर दिसला आणि कोणी "इंजिन उतरवावे लागेल" म्हटले की मालक घाबरून होकार देऊन बसतो. वास्तविक धुराची कित्येक कारणे इंजिन न उघडता दूर होतात. म्हणून मेस्त्रीकडे जाण्यापूर्वी एका सकाळचा अर्धा तास घरीच खर्च करावा, असे आम्ही सुचवितो.

इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. गाडी उघड्यावर, सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. बंद शेडमध्ये ही तपासणी मुळीच करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. एकाने इंजिन सुरू करावे, दुसऱ्याने मागे बाजूला उभे राहून पाहावे. केवळ रंग पाहून भागत नाही. धूर केव्हा येतो, किती वेळ टिकतो आणि त्याचा वास कसा आहे, हेही लक्षात घ्यावे. सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरला तर आणखी एक खूण मिळते. त्यावर कोरडी काजळी बसली तर दोष इंधन-हवेचा, तेलकट डाग पडला तर इंजिन ऑइलचा, नुसते थेंब आले तर पाण्याचा.

काळा धूर हा त्यातल्या त्यात स्वस्त रोग. डिझेल जास्त आणि हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर धुळीने भरतो. तो काढून उजेडासमोर धरावा. टर्बो असलेल्या गाडीत हवेचा रबरी पाइप फाटला आहे का, क्लिप सैल आहे का, हे हाताने चाचपावे. हे ठीक असेल तरच नोझल आणि पंप यांच्याकडे वळावे. चढावर ओढ मिळावी म्हणून काही मालक पंपाचे डिझेल वाढवून घेतात. त्यातून निघणारा काळा धूर म्हणजे न जळता बाहेर जाणारा पैसाच होय.

निळसर धूर मात्र इंजिन ऑइल जळत असल्याची खूण. खरा खर्च येथेच ठरतो. पेट्रोल गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला निळा लोट येऊन लगेच थांबत असेल, किंवा घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलेटर दाबताच येत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडला की आत निर्वात दाब तयार होतो आणि तो व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल ओढून घेतो. सील बदलण्यास बहुधा संपूर्ण इंजिन उतरवावे लागत नाही. याउलट चढावर, ओझ्याखाली निळा धूर सतत वाढत असेल तर रिंग व बोअर झिजल्याची शक्यता मोठी. डिझेल इंजिन सुरू असताना ऑइलचे झाकण सांभाळून सैल करावे. तेथून धूर जोराने, धक्क्याधक्क्याने बाहेर येत असेल तर त्यास मेस्त्री "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात. तरीही त्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : ऑइल पट्टीवरील वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले नाही ना, आणि ब्रीदर पाइप तुंबलेला नाही ना. टर्बोचे सील गेले तरी असाच धूर येतो. ऑइल किती जळते ते वहीत किलोमीटरसह लिहून ठेवावे. आकडा समोर असला की मेस्त्रीशी बोलणे सोपे जाते.

पांढरा धूर पाहून सर्वात जास्त फसगत होते. हिवाळ्यात किंवा पावसाळी सकाळी थोडी वाफ निघून गाडी तापताच नाहीशी होणे हे नेहमीचेच आहे. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर असेल तर हीटर प्लग, गळका नोझल किंवा चुकलेले टायमिंग तपासावे. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठून गाडी मिसिंग करू लागते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकता येते. परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहते, तिला गोडसर वास आहे आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होते, असे असेल तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता आहे. थंड इंजिनाचे रेडिएटर झाकण काढून, पाणी काठोकाठ भरून गाडी सुरू करावी. बुडबुडे थांबतच नसतील तर शंका पक्की होते. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर गाडी घाटात नेऊ नये, ओढून न्यावी. एक फेरी जास्त मारण्याच्या नादात गॅस्केटचे काम हेड आणि बेअरिंगपर्यंत जाते.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बी.एस.-६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. अशा गाडीने काळा धूर सोडला तर तो लहान दोष समजू नये. धुराचा प्रश्न कायद्याचाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनास १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जुनी गाडी विकत घेताना याच खुणा उपयोगी पडतात. मालकाला आधी कळवावे की इंजिन थंड असतानाच पाहू, आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. निळा धूर दाबण्यासाठी घट्ट ऑइल भरून गाडी दाखविणारेही असतात, म्हणून व्यवहारापूर्वी ती चढावर, माणसे बसवून चालवून पाहावी.